खेळातल्या उजळ रात्री

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे बाकीचं जग रविवारी जे काही करतं ते आम्हाला कधी साधायचं नाही, आणि गुरुवारी सगळे कामाला गेले की आम्ही मोकळे. मी आकुर्डीत आईवडिलांकडे राहायचो. गुरुवारी अंघोळ झाली की बाइक काढायची आणि चिखलीला मित्राच्या खोलीवर जायचं, असं माझं लग्न होईपर्यंत आणि नंतरही चाललं. आई विचारायची, "आज पण त्याच्याकडेच? काय करता रे दोघं दिवसभर?" मी "खेळतो" म्हणायचो. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

हा मित्र लातूर जिल्ह्यातला. चाकणच्या एका कंपनीत आम्ही बरोबरच लागलो. गाड्यांसाठी अॅल्युमिनियमचे सुटे भाग बनतात तिथे. मी मशीनच्या दुरुस्तीला, तो शेवटच्या तपासणीला. तयार झालेला भाग खोक्यात जाण्याआधी त्याच्या टेबलावर यायचा. तो ट्यूबच्या उजेडात फिरवून बघायचा. कुठे भेग, कुठे छिद्र, कुठे ओरखडा नसेल तर मार्करने एक हिरवा ठिपका करायचा आणि पुढे सरकवायचा. ज्याच्यावर हिरवा ठिपका, त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नसे.

ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. तो मोबाइलवर बर्फाच्या डोंगरातून चाललेल्या एका माणसाचा व्हिडिओ बघत होता आणि मी मागच्या सीटवरून ओळखलं, की हा तोच खेळ, जो मी डिप्लोमाच्या दिवसांत अभ्यास सोडून खेळलो होतो. एक कल्पनेतला थंड देश. डोंगर, नद्या, पडके किल्ले, आकाशात ड्रॅगन. गोष्ट एक आहे, पण ती पुढे न्यायलाच हवी असं नाही. मनाला येईल तिकडे चालत जायचं. खेळ जुना झालेला, तरी जगभरातले लोक अजून त्यात आपापलं काही घालत होते. कुणी नवी झाडं, कुणी नवं गाव, कुणी पाऊस, कुणी घोड्याचं खोगीर. याला मॉड म्हणतात.

तो म्हणाला, "मी ते सगळं येकत्र करायलोय."

"सगळं?"

"बसतं तेवढं."

त्यात काय अवघड आहे हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं. एकाने नदीवर दगडी पूल बांधलेला असतो. दुसऱ्याने, पहिल्याला न ओळखता, नेमक्या त्याच जागी देवदाराचं रान लावलेलं असतं. दोन्ही एकदम घेतले की पुलाच्या मधोमध झाड उगवतं आणि घोडा त्यात अडकतो. कुणाच्या मॉडमुळे माणसं भिंतीतून चालायला लागतात, कुणाच्यामुळे गावाच्या वेशीवर पोचलं की खेळ बंदच पडतो. अशी शेकडो मॉड घेऊन त्यांचं एकमेकांशी जमवायचं, जमत नाही तिथे स्वतः छोटासा तुकडा लिहून जोड द्यायची, आणि सगळ्यांचा मिळून एक सलग देश करायचा. मग तो संच लोकांसाठी फुकट ठेवून द्यायचा. जोड देणाऱ्या त्या तुकड्याला सगळे पॅच म्हणतात. तो ठिगळ म्हणायचा. संचाचं नावही त्याने 'वाकळ' ठेवलं होतं. त्याची आई जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. परदेशातले लोक विचारायचे, हा शब्द कुठला. तो उत्तर द्यायचा, की थंडीत अंगावर घ्यायची वस्तू आहे, तुमच्या देशात लागेल.

मी हात चालणारा माणूस, पण धीर कमी. माझ्याकडे त्याने फिरायचं काम दिलं. नवी आवृत्ती तयार झाली की मी त्या देशात गावोगाव चालत जायचो आणि काय बिघडलंय ते सांगायचो. "इथल्या विहिरीत कोंबडी तरंगतेय." तो हसायचा आणि शोधायला बसायचा. दुपारी खाली जाऊन मिसळ खायची, परत वर यायचं. खिडकीखाली कुणाचं तरी लेथ मशीन चालू असायचं, त्याचा आवाज दिवसभर.

मग त्याचं लग्न झालं. वहिनी उदगीरच्या, डी.एड. झालेल्या. चिखलीतल्याच एका शाळेत त्यांना नोकरी मिळाली आणि दोघं जवळच्या एका इमारतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पहिल्या गुरुवारी मी जरा संकोचूनच गेलो. वहिनी शाळेत निघाल्या होत्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "भाऊजी, हे लग्नाआधीपासूनच तुमच्या त्या थंड देशात राहायला होते का? मला इथला पत्ता दिलाय."

"तिकडे आम्ही फक्त दुरुस्तीला जातो," मी म्हटलं.

"येताना भाजी घेऊन या म्हणावं," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी कधी राग धरला नाही. वाकळ वापरणारे तोवर खूप झाले होते. कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायचे, की तुमच्या संचातलं जग कुठे फाटलेलं दिसत नाही. तो ते वहिनींना वाचून दाखवायचा आणि त्या पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या.

पुढच्या एका आवृत्तीत रात्री उजळ झाल्या.

या खेळातली रात्र म्हणजे त्याचं आवडतं काम. पूर्वी त्यानेच कुठून कुठून मॉड गोळा करून ती काळीकुट्ट केली होती. मशाल पेटवल्याशिवाय पाऊल टाकता येऊ नये, असा त्याचा आग्रह. आणि आता मध्यरात्री डोंगर, वाट, झाडाची पानं सगळं निळसर उजेडात स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, चुकून झालंय.

"रात्री फारच उजळ झाल्यात."

"बरं हाय की. वाट दिसती."

"अरे, मग मशाल कशाला घ्यायची? गुहेतसुद्धा सगळं दिसतंय. भीतीच गेली."

"भीती कशाला पायजे मानसाला," तो म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला.

वापरणाऱ्यांनीही लिहिलं. काहींनी सभ्यपणे, काहींनी वाकडं. एरवी तो एकेकाला उत्तर द्यायचा, या वेळी एकालाही दिलं नाही. त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्याने आणखी एक विचित्र गोष्ट केली. खेळताना पडद्याच्या कडांना काही खुणा असतात. वर दिशा, खाली आपली ताकद किती उरली ते. त्या सगळ्या उचलून त्याने पडद्याच्या मध्यावर आणल्या. समोरचा ड्रॅगन त्यांच्या मागे झाकला जायला लागला.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं. "हे कुणालाच नको असणार."

"मला पायजे. कडंला बगावं लागत न्हाई."

तो हट्टी माणूस नव्हता. कुणी चूक दाखवली की दुरुस्त करायचा, हीच त्याची ख्याती. 

कंपनीतही काही काही होत होतं, पण ते मी वेगवेगळं बघत होतो. चाकणच्या रस्त्यावरच्या गर्दीला कंटाळलो म्हणून त्याने बाइक सोडून पुन्हा बस धरली. सामानाच्या ट्रॉलीला दोनदा धडकला. कॅन्टीनमध्ये कुणीतरी बाजूने पाण्याचा ग्लास पुढे केला तर त्याने घेतलाच नाही, आणि तो माणूस म्हणाला, साहेब झाले राव आता. मीही हसलो.

मग एका गुरुवारी दुपारी वहिनींना शाळेतून आणायचं होतं. माझी बाइक त्यांच्या इमारतीखालच्या तळघरात लावलेली. बाहेर रणरणतं ऊन, आणि वीज गेलेली. उतारावरून आम्ही खाली निघालो आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

"तू म्होरं हो," तो म्हणाला.

"का?"

"हो म्होरं. मी मागनं येतो."

मी पुढे झालो, तर मागून त्याने माझ्या शर्टाची बाही धरली. मला वाटलं चेष्टा करतोय. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, की तो पाय टेकवून टेकवून चाललाय, पाण्यात उतरल्यासारखा. तळघरात अंधार होता, पण एवढाही नव्हता. मला गाड्या दिसत होत्या, खांब दिसत होते.

बाइकपाशी आल्यावर त्याने सीट चाचपली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंधारात तर बरेच दिवस झाले. आता कडंचं बी जायलंय. मधलं दिसतं. तुझं नाक दिसायलंय बग."

"वहिनींना माहीत आहे?"

"न्हाई."

त्याच दिवशी संध्याकाळी त्याने त्यांना सांगितलं. मी तिथे नव्हतो, असायला नकोच होतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना त्याने मला बोलावलं. पिंपरीला गेलो, तिघं. तिथे एक तपासणी असते. एका पांढऱ्या घुमटासारख्या भांड्यात तोंड घालून बसायचं, आत इकडेतिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. वहिनी आणि मी पडद्याबाहेर बाकावर होतो. तपासणारी मुलगी म्हणाली, "दिवा दिसला की दाबा हं, काका." काका म्हणण्याचं त्याचं वय नव्हतं. सुरुवातीला बटणाचा टक टक आवाज आला. मग थांबला. मशीनची घरघर चालूच होती, म्हणजे आत दिवे लागत असणार. बराच वेळ एकही टक आला नाही. वहिनी बाकाची कड धरून बसल्या होत्या. मध्येच एक आवाज आला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू पास झाला असावा.

डॉक्टर बोलायला चांगले होते. कागदावर एक काळं वर्तुळ छापून आलं होतं आणि त्याच्या मध्यभागी तेवढी पांढरी जागा. त्यांनी सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, बाहेरून आत येत जातो, हळूहळू येतो, पण थांबवायला आज औषध नाही. गाडी चालवायची नाही. मग विचारलं, "आईवडील नात्यातले का?"

"व्हय. आई म्हंजे आमच्या वडलांच्या मामाची मुलगी."

डॉक्टरांनी मान हलवली. वहिनी त्या कागदाकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पुढं मूलबाळ झालं, तर त्याला?"

"शक्यता कमी आहे. तुमचं नातं नाही ना दोघांचं? मग कमीच. पण नक्की सांगायचं तर रक्ताची तपासणी करावी लागते, आणि तिच्यातूनही प्रत्येक वेळी कळतंच असं नाही."

परत येताना आम्ही रिक्षा केली. स्पाईन रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे आता रात्री उजळ करून भागनार न्हाई."

वहिनींना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिलो.

कंपनीत त्याने काही महिने काढले. त्याचं मधलं दिसत होतं आणि तो प्रत्येक भाग पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ फिरवून बघायचा. तरी एकदा गिऱ्हाइकाकडून एक खोकं परत आलं. आतल्या एका भागाला कडेजवळ भेग होती आणि मधोमध हिरवा ठिपका. कुणी आरडाओरडा केला नाही. विभागातल्या साहेबांना आजाराचं कळल्यावर त्यांनी त्याला भांडारात बसायचं काम देऊ केलं. तो घरी आला, विचार केला आणि राजीनामा दिला. मी समजावायला गेलो.

"भांडारात काय वाईट आहे?"

"वाईट काय न्हाई. पन तिथं बी उद्या मला वाचता यायचं न्हाई. मग ते सांबाळून घेतील, आन् मी बसून ऱ्हाईन. तो पार्ट पुढं गाडीत बसला असता तर?" मग म्हणाला, "ठिपका बराबर मधोमध काडला होता बग मी."

नोकरी सोडल्यावर तो घरीच असायचा आणि मला वाटलं, आता वाकळही सुटणार. उलट झालं. पुढच्याच गुरुवारी त्याने मला बसवलं आणि म्हणाला, "आवाजाचं करू."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजायला वेळ लागला. त्या देशातून डोळे मिटून चालता आलं पाहिजे. नदी कुठल्या हाताला आहे ते पाण्यावरून कळावं. लाकडी पुलावर पाऊल पडलं की लाकूड वाजावं, दगडावर दगड, बर्फावर बर्फ. गावात शिरताना लोहाराचा घण ऐकू यावा आणि जसजसं जवळ जावं तसा तो मोठा व्हावा. भिंत समोर आली तर आवाज दबावा. खेळात यातलं थोडंफार होतं, पण ते कानाला सजावट म्हणून. वाट काढायला पुरेसं नव्हतं.

त्याने लोकांना लिहिलं. मीच टाइप केलं, तो सांगत गेला. पहिल्यांदाच त्याने सांगितलं, की रात्री उजळ का केल्या होत्या. ज्यांनी वाकडं लिहिलं होतं त्यांच्यातल्या काहींनी उत्तर दिलं, ते इथे सांगत नाही. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातली एक बाई पुढे आली. ती लहान मुलांना संगीत शिकवायची आणि फावल्या वेळात या खेळासाठी आवाज करायची. तिने विचारलं, तुला काय काय हवंय ते सांग. मग ती तिच्या गावाबाहेर जाऊन खऱ्या बर्फावर, खऱ्या फळ्यांवर चालून आवाज पाठवायला लागली. आम्ही ते जागच्या जागी बसवायचो. तो कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "न्हाई. ह्यो पूल लांब हाय, पोकळ वाजला पायजे." ती पुन्हा पाठवायची. वहिनी शाळेतून आल्या की त्यांनाही डोळे मिटून बसवायचो. त्या भिंतीवर आपटायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या देशात एक धड रस्ता नाही."

ते काम चाललं तेवढे महिने आम्ही तिघं बरे होतो. हे मला आता बोलताना जाणवतं. तेव्हा फक्त काम होतं.

मग एका गुरुवारी तो म्हणाला, "आज मी जातो." रुमाल घेऊन त्याने डोळ्यांवर बांधला, कारण मधलं अजून दिसत होतं, आणि हेडफोन लावले. खेळाच्या सुरुवातीला नदीकाठी एक छोटं गाव आहे. तिथून नदीच्या कडेने, पूल ओलांडून, चढ चढून मोठ्या तटबंदीच्या शहराला जायचं. मी पडद्याकडे बघत होतो आणि त्याला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. तो गावातून निघाला. पुलाआधी वाट चुकून पाण्यात पडला. वहिनी हसल्या. तो पोहत काठाला लागला, थांबला, ऐकलं, डावीकडे वळला आणि पुलावर चढला. मग चढ. वारा मोठा झाला, वेशीवरच्या झेंड्यांची फडफड यायला लागली आणि तो सरळ दरवाजात जाऊन उभा राहिला. पहारेकरी काहीतरी बोलला.

त्याने रुमाल काढला नाही. तसाच बसून म्हणाला, "आलो का मी?"

"आलास," मी म्हटलं.

वहिनी आत निघून गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं.

ती आवृत्ती आम्ही लोकांना दिली आणि काही आठवड्यांतच खेळ बनवणाऱ्या कंपनीने मूळ खेळ बदलला. बदल छोटाच होता. अशा वेळी मॉड मोडतात, ते नेहमीचं असतं. सगळे आपापली दुरुस्त करतात आणि गाडी परत चालू होते. पण आमचे आवाज एका पायाभूत मॉडवर उभे होते. ते लिहिणारा माणूस कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं आणि तो बऱ्याच काळापासून कुणाला उत्तर देत नव्हता. ते मॉड त्याने दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या कुणी हात लावायचा तर त्याची परवानगी लागायची, आणि ती मागायची कुणाकडे? त्या संगीतवाल्या बाईने, आम्ही, आणखी एकदोघांनी दुसरीकडून वाट काढायचा प्रयत्न केला. मी पडद्यावर येणाऱ्या चुकांच्या ओळी मोठ्याने वाचायचो, तो छताकडे तोंड करून ऐकायचा आणि सांगायचा, हे काढ, ते आधी लाव. पूर्वी एका नजरेत जे त्याला दिसायचं ते आता एका वेळी एक शब्द असं त्याच्याकडे जात होतं. तोवर त्याचं मधलंही धुरकट व्हायला लागलं होतं. वारा परत आला, नदी परत आली. पावलं आली नाहीत. तो त्या देशात नुसता तरंगत जायचा, आणि पूल आला की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

एका दुपारी माझी ओळ वाचून व्हायच्या आत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

"अजून एक करून बघू."

"ऱ्हाऊ दे राव. तुज्या बायकोला तुजी येक सुट्टी तरी दे."

तिथेच त्यांचं चिखली सोडायचं ठरलं. लातूरच्या एका शाळेत वहिनींना जागा मिळाली. त्यांचं माहेर जवळ, त्याच्या आईला येऊन राहता येईल, आणि घर तळमजल्याचं. टेम्पो भरायला मी गेलो होतो. संगणक त्याने मला दिला. मी नको म्हटलं, तो म्हणाला, तिकडे नुसता कपाटासारखा पडून राहील. वाकळ त्याने परदेशातल्या तिघाचौघांच्या हवाली केली, जे इतकी वर्षं ठिगळं पाठवत होते. टेम्पो सुटताना तो ड्रायव्हरच्या शेजारी बसला आणि माझा आवाज जिकडून येत होता तिकडे हात केला. मी मात्र दुसऱ्या बाजूला सरकलो होतो.

नव्या लोकांनी वाकळ नीट सांभाळली. काही महिन्यांनी त्यांची नवी आवृत्ती आली, ती मी उतरवून घेतली. रात्री पुन्हा काळ्या झाल्या होत्या. दिशा, ताकद वगैरे परत कडांना गेलं होतं. आवाज काढून टाकले होते. त्यांनी कारणही दिलं होतं, की अर्धवट चालतात, संच जड होतो आणि वापरणारे फार नाहीत. यातलं काही खोटं नव्हतं. मी आकुर्डीच्या घरी त्याच्या संगणकासमोर बसून डोळे मिटले आणि नदीकाठच्या गावातून निघालो. खेळातलं नेहमीचं संगीत वाजत राहिलं. डोळे उघडले तेव्हा मी एका घराच्या कोपऱ्यात भिंतीला थडकून जागच्या जागी चालत होतो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर मी तो खेळ लावला नाही.

त्याला फोनवर यातलं काही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. आमचं बोलणं कमी झालं नाही, फक्त दुसऱ्या गोष्टींवर गेलं. त्याने एका संस्थेत जाऊन बोलणाऱ्या संगणकावर काम शिकून घेतलं. आता घरून कुठल्यातरी बँकेच्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो. बाहेर जाताना काठी घेतो. पहिले काही महिने ती घडी करून पिशवीत ठेवायचा, असं वहिनी म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. मूल होऊ द्यावं की नाही यावर ते दोघं किती बोलले असतील ते त्यांनाच माहीत. बारसं तीन महिन्यांनी ठेवलं होतं, तेव्हा मी आणि बायको लातूरला गेलो. बायका पाळण्याभोवती होत्या आणि तो अंगणात खुर्चीवर बसला होता. मी शेजारी बसलो.

"बघितलीस?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"बगितली की," तो म्हणाला. "खिडकीपाशी उजेडात धरली होती हिनं. येका टायमाला एवडंसंच दिसतं. आधी डोळा बगितला, मग दुसरा डोळा, मग नाक. सगळं येकत्र मनात जोडलं. कुणासारकी हाय?"

"तुझ्यासारखी आहे."

"तसं नगं म्हनू," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर आम्ही राहिलो. संध्याकाळ झाली आणि वहिनींनी देवापाशी दिवा लावला, पण खोलीतली ट्यूब लावली नाही. माझी बायको ती लावायला उठली तर त्यांनी हाताने थांब म्हटलं. मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी समईच्या ज्योतीवर निरांजन पेटवलं आणि ते निरांजन तिच्यापासून बरंच लांब धरून डावीकडून उजवीकडे नेलं. मुलीची नजर त्याच्याबरोबर गेली. परत उजवीकडून डावीकडे. पुन्हा गेली.

"बगायलीय का?" तो दारातून म्हणाला.

"बघतेय," वहिनी म्हणाल्या.

"हळू ने. बाहेरून आन. पार कडंनं."

वहिनींनी निरांजन स्वतःच्या पाठीमागे नेलं आणि तिथून हळूहळू मुलीच्या कानाच्या बाजूने पुढे आणायला लागल्या. आम्ही सगळे ज्योतीकडे बघत होतो, तो सोडून. तो ऐकत होता. ज्योत लांबूनच तिच्या गालाच्या रेषेत आली तरी तिने मान वळवली नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी वाकून बघितलं. मुलीला झोप लागली होती. एवढ्याशा मुलीच्या बाबतीत अजून काहीच सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलेलं होतं, आणि त्या दोघांनाही ते माहीत होतं. वहिनींनी निरांजन खाली ठेवलं.

"झोपली," त्या म्हणाल्या.

"मंग उद्या बगू," तो म्हणाला, आणि माझ्या बायकोने ट्यूब लावली.